जपानचं मावंदं

आमच्या तालुक्याच्या दूध संघावर मी राखीव जागेवरचा संचालक होतो. जागा राखीव म्हणजे अगदी खरोखरीची राखीव. सभेच्या खोलीत दाराला लागून एक खुर्ची होती, तिचा एक पाय आखूड होता, आणि तिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसत नसे. एखादा संचालक उशिरा आला आणि दुसरी खुर्ची रिकामी नसली तर तो भिंतीला टेकून उभा राहायचा, पण माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही. एवढा मान मला पुढं आयुष्यात कुठं मिळाला नाही. चहा आला की सगळ्यांना कपबशी यायची आणि मला काचेचा ग्लास. मी एकदा शिपायाला कारण विचारलं, तर तो म्हणाला, "ग्लासात जास्त बसतो, साहेब." ते खरंच होतं. संघाचा सगळ्यात जास्त चहा मीच प्यालेला आहे.

आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, जळकोटच्या जरा अलीकडं. बहात्तरच्या दुष्काळात आईनं याच भागातल्या रस्त्यांवर खडी फोडली होती. पुढं योजनेत दोन जर्सी गाई मिळाल्या, त्याही आईच्याच नावावर. शेण काढणं, धार काढणं, कॅन डोक्यावर घेऊन दूध केंद्रावर जाणं, हे सगळं ती करायची आणि सह्या करायला संचालक मी. मी बी.ए. झालो होतो, म्हणून चेअरमन मला 'बीए' म्हणत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण बीए म्हणताना त्यांना जी मजा यायची ती नावात नव्हती.

शेजारच्या तालुक्यातले संचालक हॉलंडच्या गाई बघून आले, तेव्हापासून आमच्या चेअरमनच्या जिवाला चैन नव्हतं. शेवटी ऐंशीनंतर तीन-चार वर्षांनी आमचाही अभ्यास दौरा ठरला, जपानचा. जपानात गाई कशा आहेत हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, पण देश हॉलंडपेक्षा लांब आहे याची चेअरमननी खात्री करून घेतली होती. चेअरमन, व्हाइस चेअरमन, आणखी दोन संचालक आणि इंग्रजीसाठी मी, असे पाच जण निघणार होतो. माझ्या इंग्रजीचा जपानात काडीचा उपयोग होणार नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी काही बोललो नाही.

निघायच्या आधी संघाच्या आवारात सत्काराचा कार्यक्रम झाला. आमच्याकडं काशीहून किंवा कुठल्या मोठ्या यात्रेहून माणूस परत आला की गावाला जेवण घालतो, त्याला मावंदं म्हणतात. चेअरमननी भाषणात सांगून टाकलं की जपान काशीपेक्षा लांब आहे, तेव्हा परत आल्यावर प्रत्येक संचालकानं मावंदं घालायचं आणि बाकीच्या चौघांनी त्याच्या घरी जेवायला जायचं. टाळ्या झाल्या. मग माझ्याकडं बघून ते फार प्रेमानं म्हणाले, "बीएला यातून सूट हाय. ते लोक आता असलं देवाधर्माचं काही करत न्हाईत. आपुन त्यांच्या भावना दुखवायच्या न्हाईत." पुन्हा टाळ्या झाल्या. माझ्या भावनांची एवढी काळजी घेतलेली पाहून मीही टाळ्या वाजवल्या.

आईला मात्र ही सूट पटली नाही. धर्मांतर झालं त्या साली तिनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं विहिरीत सोडले होते आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लावली होती. ती म्हणाली, "बुद्धाच्या देशाला चाललास आन जेवण आपुनच घालायचं न्हाय? नाव मावंदं न्हाय दिलं तर न्हाय. जेवणाला काय नाव लागतंय?" मग गाईच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "येतील का रं ते?"

"येतील की," मी म्हणालो.

मला काहीच खात्री नव्हती. लग्नाकार्यात आम्हाला त्यांचं जेवण यायचं, ते आमच्याकडं जेवायला कधी आले नव्हते. पण तिनं त्या दिवसापासून ठरवायला सुरुवात केली. व्हाइस चेअरमन लिंगायत, अडतीचा धंदा, घरात कानडी बोलणारे, तेव्हा जेवण बिनामटणाचं. गोड म्हणून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, कारण कानडी माणसाचा तिच्यात जीव. मी विमानात बसायच्या आधी आमच्या घरचा स्वयंपाक ठरला होता.

जपानात आम्ही दुधाचे कारखाने पाहिले, गोठे पाहिले. चेअरमन प्रत्येक गाईपुढं उभे राहून "फॅट किती?" एवढा एकच प्रश्न विचारायचे आणि उत्तर ऐकून मान हलवायचे. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक जपानी मुलगी होती. ती कॉलेजात हिंदी शिकली होती आणि इतकी शुद्ध बोलायची की तिचं हिंदी आमच्या हिंदीत आणायला मला मध्ये पडावं लागायचं. "आदरणीय अतिथिगण, कृपया पंक्तिबद्ध हो जाइए," असं ती म्हणाली की आमचे दोन्ही संचालक माझ्याकडं बघायचे आणि मी म्हणायचो, "लाइनीत चला."

व्हाइस चेअरमननी घरून दशम्या आणि शेंगाचटणीचा मोठा डबा आणला होता, आणि परक्या मुलखात त्यांच्याइतकं मन मोठं कुणी केलं नसेल. डबा सगळ्यांत फिरायचा, ज्यानं त्यानं हवी तेवढी चटणी घ्यायची. माझी पाळी आली की डबा परत त्यांच्या हातात जायचा आणि ते वीतभर उंचीवरून माझ्या तळहातावर चटणी सोडायचे. सात समुद्र ओलांडले तरी त्यांचा नेम चुकत नव्हता.

चेअरमनची अडचण वेगळीच होती. जन्मभर त्यांनी करकरीत चपला घातल्या होत्या. जपानसाठी म्हणून सोलापुरातून नाडीचे बूट घेतले, तेही एक नंबर लहान, कारण कातडं सैल पडतं असं दुकानदार म्हणाला होता. विमानात पाय सुजले. तेव्हापासून ते बूट फक्त हॉटेलात निघायचे, आणि तेही दोन संचालकांनी एकेक पाय धरून ओढल्यावर.

दौऱ्याच्या शेवटी त्या मुलीनं आम्हाला डोंगरातलं एक जुनं गाव दाखवायला नेलं. मोटार खाली थांबली आणि आम्ही दगडी फरसबंदीच्या रस्त्यानं वर चालू लागलो. तिनं सांगितलं की मोटारी आणि रेल्वे नव्हत्या तेव्हा या रस्त्यानं सरदार, व्यापारी, डाकेचे धावपटू जायचे, आणि हे त्यांच्या मुक्कामाचं गाव होतं. घोडे बदलायचे, जेवायचं, झोपायचं, सकाळी पुढं निघायचं. मला लगेच समजलं. आमचंही गाव तसंच, ट्रकवाले थांबतात, चहा पितात, टायर बदलतात, पुढं जातात.

दोन्ही बाजूंनी काळपट लाकडाची बुटकी घरं, बारीक गजांच्या खिडक्या, आणि छपरांवर वाऱ्यानं फळ्या उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. आमच्याकडं पत्र्यांवर ठेवतात तसेच. ते दगड बघितले आणि चेअरमन थबकले. त्यांनी वर बघितलं, मागं बघितलं. विजेचा खांब नाही, तार नाही, एका घरावर टीव्हीची काडी नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"बीए," ते हळू म्हणाले, "ह्या गावावर अन्याय झालेला दिसतोय. टोकियोत बघ कसला झगमगाट. आन हितं लाईट बी पोचली न्हाय. आमदार विरोधी पक्षाचा असणार."

मी दुभाष्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, वीज आहे, सगळ्या घरांत आहे, तारा मागच्या बाजूनं नेल्या आहेत, दिसू नयेत म्हणून. गाव ओस पडत चाललं होतं. तेव्हा गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं की गाव जुनं होतं तसंच ठेवायचं, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही.

चेअरमन विचारात पडले. "आलेली लाईट लपवायची?" त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडं खांब मिळावा म्हणून त्यांनी मुंबईच्या किती फेऱ्या मारल्या होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्या दारात खांब आला ते त्याला हळदकुंकू लावत. इथं लोक मिळालेला खांब दडवून बसले होते. त्या धक्क्यातून ते सावरतात तोवर त्यांना पाणी दिसलं. रस्त्याच्या कडेनं दगडी नाली होती आणि तिच्यातून स्वच्छ पाणी खळखळ वाहत होतं. घागर नाही, नंबर नाही, भांडण नाही. एक बाई त्या पाण्यात नुसती झाडाची फुलं गार ठेवत होती.

"ये पानी किसका है?" चेअरमननी विचारलं.

"गाँव का है," मुलगी म्हणाली.

"तो कोई भरता क्यों नहीं?"

या प्रश्नाला उत्तर कॉलेजात शिकवलं नव्हतं. ती नुसती वाकली. चेअरमन बराच वेळ त्या नालीशी उभे राहिले. मग त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंड धुतलं आणि पाणी वाया गेलं म्हणून स्वतःच ओशाळले.

पुढं एक मोठं घर होतं, सरदारांच्या मुक्कामाचं. त्याला दोन दरवाजे. मुलगी सांगू लागली, हा मोठा दरवाजा फक्त सरदारासाठी, त्याच्या खालच्या हुद्द्याच्या माणसांना तो बाजूचा, आणि सामान्य लोकांनी या घरात यायचंच नाही, त्यांची मुक्कामाची घरं वेगळी. कोण कुठं बसणार, कुणाची गादी किती जाड, सगळं हुद्द्याप्रमाणं ठरलेलं. आमच्या मंडळींना हे गाव पहिल्यांदाच आपलं वाटलं. "शिस्त होती," व्हाइस चेअरमन म्हणाले. "प्रत्येकाला आपापली जागा." दोन्ही संचालकांनीही कौतुकानं माना हलवल्या.

माझ्या डोक्यात मात्र मघापासून घोडे होते. तिनं सांगितलं होतं की गावात सतत घोडे तयार असायचे. मी तिला हिंदीतून विचारलं, "इतके घोडे होते, तर मरतही असतील. मेलेला घोडा कोण ओढून न्यायचं?"

मुलगी थांबली. तिनं हातातलं पुस्तक उघडलं, चाळलं आणि बंद केलं. मग खाली बघून म्हणाली, "कुछ लोग थे. चमड़े का काम भी वही करते थे. नदी के उस पार रहते थे." मग मान वर करून तिनं विचारलं, "आपको कैसे पता?"

"अंदाज," मी म्हणालो. "ती वस्ती पण अशीच जपून ठेवलीय का?"

"जी नहीं. वहाँ अब कुछ नहीं है."

"आमच्याकडं जपलीय," मी म्हणालो. "कुणी ठराव न करता. तुम्ही याल तेव्हा दाखवीन, माझं घर तिथंच आहे."

ती हसली नाही. ती माझ्यापुढं इतकी खाली वाकली की मला लाज वाटली. मी गंमत म्हणून बोललो होतो, पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. सगळं गाव बघून झालं आणि गावाचं टोकच कुणी ठेवलं नव्हतं. मागून व्हाइस चेअरमन म्हणाले, "बीए, हितं येऊन बी तेच काढलं व्हय?"

उतारावर एक लहान देऊळ होतं, आत बुद्धाची लाकडी मूर्ती. मला आईची आठवण झाली. मी गुडघे टेकले आणि लहानपणापासून विहारात म्हणतो तसं त्रिशरण मोठ्यानं म्हटलं. डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारी बाई हात जोडून बसली होती. तिला त्यातलं एक अक्षर कळणं शक्य नव्हतं, पण दुभाष्या मुलीनं तिला काहीतरी सांगितलं, बहुतेक हा बुद्धाच्या जन्मभूमीकडून आलाय एवढंच. म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. आम्हाला चहा जिथं घ्यायचा होता ते जुनं मुक्कामाचं घर तिचंच निघालं.

तिथल्या घरांत दारातून आत आलं की आधी मातीची जमीन, मग गुडघाभर उंच लाकडी पायरी, आणि पायरीच्या वर चटयांची बैठक. बूट खाली काढून वर जायचं. आम्ही चौघांनी काढले. चेअरमननी बूट बघितले, चौघांकडं बघितलं, आणि ओढाओढीचा प्रकार एका परक्या बाईच्या घरात नको असं ठरवून ते पायरीवरच टेकले. "तुमी व्हा फुडं. म्या हितंच बसतो, हवा चांगलीय," ते म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या पिशव्या, छत्र्या, कॅमेरा, सगळं त्यांच्याजवळच राहिलं.

म्हातारीनं मला हात धरून थेट आत नेलं. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात लांबट चित्र आणि एक फुलाची काडी. त्याच्यापुढं तिनं मला बसवलं. ती मानाची जागा आहे, प्रमुख पाहुण्याची, असं मुलीनं मला मागून कानात सांगितलं, पण मी ते आमच्या मंडळींना सांगायची घाई केली नाही. व्हाइस चेअरमन माझ्या खालच्या अंगाला बसले, त्यांच्या खाली दोघे संचालक. मध्ये चौकोनी चूल पेटलेली होती, वर आकड्याला किटली टांगलेली. लाकडाला कीड लागू नये म्हणून धूर रोज करावा लागतो असं म्हातारी सांगत होती. तिनं बारीक कलाकुसरीच्या कपांतून, दोन्ही हातांनी, वाकून आम्हाला चहा दिला, पहिला मला.

मग ती पायरीकडं गेली. पिशव्या आणि छत्र्या राखत बसलेल्या, बूटही न काढलेल्या माणसाकडं तिनं एकदा मायेनं बघितलं. असल्या घरांत पाहुण्यांची ओझी वाहणारी माणसं शेकडो वर्षं त्याच पायरीवर बसत आली होती. तिनं फडताळातून एक जाडजूड, पाणी पितात तसलं मोठं भांडं काढलं, ते काठोकाठ भरलं, वर भाताचा एक गोळा ठेवला आणि चेअरमनच्या हातात देऊन पाठीवर थोपटलं.

चेअरमननी हातातल्या भांड्याकडं बघितलं. आतल्या आमच्या नाजूक कपांकडं बघितलं. मग कोनाड्यापुढं बसलेल्या माझ्याकडं बघितलं.

"मला येगळं का?" त्यांनी विचारलं.

जिभेला आवरायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आईनं ठरवलेलं जेवण याच माणसाच्या येण्यावर होतं. तो आला असता तर बाकीच्यांना पळवाट नव्हती. पण इतकी वर्षं आखूड पायाच्या खुर्चीवर बसून तोल सांभाळला होता, तो त्या चटईवर गेला.

"त्याच्यात जास्त बसतो, साहेब," मी म्हणालो.

व्हाइस चेअरमन चुलीकडं बघू लागले. चेअरमन माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांना समजलं हे मला दिसलं. मग त्यांनी भांडं तोंडाला लावलं आणि सगळा चहा संपवला. खाली मोटारीपर्यंत ते माझ्या पुढं चालत उतरले. त्या रात्री बूट ओढायलाही त्यांनी मला बोलावलं नाही, तसं कधीच बोलावत नव्हते म्हणा.

परत आलो. दौऱ्याच्या अहवालात मी लिहिलं की जपानच्या गाई चांगल्या आहेत. पहिल्याच सभेत शिपायानं सवयीनं सगळ्यांपुढं कपबशा मांडल्या आणि माझ्यापुढं ग्लास. चेअरमन कागदातून मान वर न करता म्हणाले, "मला बी ग्लासच आण." शिपाई गोंधळला. दोन्ही संचालकांनीही ग्लास मागितले, कारण चेअरमन पितात ते आपण का नाही. महिनाभरात सगळं मंडळ ग्लासावर आलं. एकटे व्हाइस चेअरमन पित्ताचं कारण सांगून कपावर राहिले. एवढी मोठी सामाजिक क्रांती झाली, पण मला काही कप मिळाला नाही.

मावंदी सुरू झाली. चेअरमनचं झालं, व्हाइसचं झालं, दोघा संचालकांची झाली. मी सगळीकडं जेवून आलो, पंगतीच्या टोकाला. मग मी चौघांच्या घरी जाऊन माझ्या घरचं आमंत्रण दिलं. प्रत्येकानं आनंदानं होकार दिला, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. वार कोणता ठेवू असं मी चेअरमनना विचारलं, तर ते म्हणाले, "गुरुवार ठेव. मला सवड असती."

आईनं आठवडाभर घर सारवलं, पोतेरं केलं. शेजारणीकडून पाट आणले. गुरुवारी पहाटेपासून हुग्गी शिजत होती, गुळाचा वास पार डांबरी रस्त्यापर्यंत जात होता. दुपार होईपर्यंत निरोप येऊ लागले. व्हाइस चेअरमनना अडतीच्या कामानं अचानक सोलापूरला जावं लागलं. एका संचालकाकडं पाहुणे आले. दुसऱ्याला ताप भरला, म्हणजे निरोप्या तसं म्हणाला, आणि सकाळी मी त्यांना मोटारसायकलवर बघितलं होतं. आई प्रत्येक निरोपाला नुसतं "बरं" म्हणत होती आणि एकेक पाट उचलून भिंतीला लावत होती. मला ते बघवत नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यानं हे झालं असंही वाटत होतं आणि ते वाक्य नसतं बोललो तरी हेच झालं असतं असंही.

एक पाट उरला तेव्हा चेअरमन आले. एकटेच, पायी. जीप त्यांनी रस्त्याच्या पलीकडं, बाभळीआड लावली होती. ओट्याशी उभे राहून त्यांनी आईला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, आज माझा गुरुवार हाय, उपास. ध्यानातच न्हाय राहिलं. आलोय तर वाटीभर दूध द्या. दूध चालतंय मला."

गुरुवार त्यांनीच दिला होता. मी तोंड उघडणार होतो, पण आई दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली,

"दूध तर तुमी रोजच पेता आमचं, चेअरमन. समद्या गावाचं एकाच टाकीत पडतंय. दुधासाठी कशाला बोलवीन म्या? भाकर खायला बोलावलंय."

चेअरमननी वस्तीकडं बघितलं. समोरच्या दारातली पोरं त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं, आता हा माणूस वळणार आणि बाभळीआड जाणार. त्यांनी चपला काढल्या, वाकून आत आले आणि पाटावर बसले.

आई समोर बसून वाढत होती. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, हुग्गी. पहिला घास त्यांनी डोळे झाकून घेतल्यासारखा घेतला. मग मात्र नीट जेवले, आणि पाणी त्यांनी स्वतः मागून घेतलं. हात धुताना ओट्याच्या कडेला आईला हळूच म्हणाले, "जेवण झ्याक झालं. पर याचा बोभाटा नको, बाई. निवडणूक जवळ आलीय, लोकं काय बी अर्थ काढतात."

"न्हाय वो," आई म्हणाली. "म्या कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर दूध केंद्रावर गेलो. सगळं गाव कॅन घेऊन रांगेत होतं. आठवड्यातून एकदा चेअरमन सकाळी केंद्रांवर फेरी मारत, आणि नेमकी त्या दिवशी त्यांची जीप आमच्या केंद्रावर आली. व्हाइस चेअरमन आत बसलेले होते, सोलापूरहून फार लवकर परतलेले. चेअरमन खाली उतरून फॅट मोजणाऱ्याशी बोलत होते. आईनं कॅन खाली ठेवला आणि मागच्या बाईला, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "काल चेअरमन आमच्याकडं जेवाय होते. दोन भाकरी खाल्ल्या."

फॅट मोजणाऱ्याचा हात थांबला. व्हाइस चेअरमननी जीपमधून मान बाहेर काढली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चेअरमनना सरळ विचारलं, "खरं का वो, साहेब?"

ते नाही म्हणाले असते तर आई सगळ्या गावासमोर खोटी पडली असती, आणि त्यांच्या शब्दापुढं तिचा शब्द कुणी धरला नसता. व्हय म्हणणं त्यांना किती महाग पडेल हेही मला माहीत होतं. आई मात्र त्यांच्याकडं रोखून बघत उभी होती, आणि ती अजिबात घाबरलेली नव्हती.

चेअरमननी म्हाताऱ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"दोन न्हाय, आक्का," ते म्हणाले. "तीन."

आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मी आणि आई घरी आलो. रिकामा कॅन तिनं भिंतीशी ठेवला, गाईला वैरण टाकली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"खोटं बोलला की रं," ती म्हणाली. "दोनच खाल्ल्या त्यानं. म्या समोर बसले होते."